मुंग्या आल्या का?

माझं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ही म्हण तेव्हा आमच्या पूर्णेच्या घरात जो येईल तो ऐकवून जायचा. मी नकटी नव्हते. विघ्नंही सतराशे नव्हती, एकच होतं. पण समाचाराला आलेल्या माणसाला चहासोबत काहीतरी बोलावं लागतं.

बाबा रेल्वेत केबिनमन होते. स्टेशनाच्या टोकाला जी उंच केबिन असते तिथं उभं राहून लोखंडी लिव्हर ओढायचं, म्हणजे खाली रूळ सरकतात आणि हिंगोलीची गाडी परभणीला न जाता हिंगोलीलाच जाते. पूर्णा जंक्शन, त्यामुळं ओढायला लिव्हर भरपूर. उभी नोकरी त्यात गेली. आईला एखाद्या बरणीचं झाकण उघडलं नाही की ती बरणी केबिनीत पाठवायची आणि उघडून परत यायची. निवृत्त होऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती, आणि त्या हातानं आता चहाचा कप उचलेना.

पाय हळूहळू सुधारला. तोंड सगळ्यात आधी सुधारलं, त्यामुळं त्यांना काय म्हणायचंय ते आम्हाला लवकर कळलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कन्यादान काका करतील.

कन्यादानात नवरदेवाची ओंजळ खाली, तिच्यावर नवरीची आणि सगळ्यात वर नवरीच्या बापाची. आई वरून पाण्याची धार सोडते. दान उजव्या हातानं करायचं असतं, ओंजळीला हात दोन लागतात, आणि बाबांकडं धड असलेला हात एकच होता, तोही डावा.

"भर मांडवात हात लटकंल माझा," बाबा म्हणाले. "लोक अक्षता टाकायच्या सोडून माझ्या हाताकडं बघत बसतील. धाकटा करील कन्यादान. लाईन क्लियर."

'लाईन क्लियर' म्हणजे विषय संपला, गाडी सुटली, आता कुणी आडवं यायचं नाही.

आई म्हणाली, "आवं, ओंजळ गळली तर गळू द्या. ती गळायसाठीच असते." हे मला अजूनही बिनतोड वाटतं. पण बाबांनी ऐकलं नाही. काका नांदेडहून आले, मोठ्या भावाच्या गळ्यात पडून रडले आणि घरी गेल्यावर पूजेला नेसायचा रेशमी कद काढून उन्हात टाकला. काकूंनीच तसं कळवलं.

मला रागच आला. राग मला लहानपणापासून लवकर येतो, त्यात त्या वर्षी तर नाकावरच बसलेला होता. काका काही वाईट माणूस नव्हते. पण बाप जिवंत आहे, मांडवात खुर्चीवर बसलेला आहे आणि मला देतंय दुसरंच कुणीतरी, हे मला सहन होणार नव्हतं. मी बाबांना तोंडावर सांगितलं, तुमी न्हाई तर कुणीच न्हाई. बाबा म्हणाले, मग बस घरी. असं आमचं चाललं होतं.

परभणीच्या डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. बाबांनी तो टीव्हीवर नेऊन ठेवला. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, ताटात तांदूळ घ्या, अंगठा आणि बोट यांची चिमूट करून एकेक दाणा उचला. घरी आल्याबरोबर बाबांनी जाहीर केलं, "मी तांदूळ निवडत बसणार न्हाई. गाड्या वळवल्यात मी." गाड्या वळवलेल्या माणसानं तांदूळ निवडू नयेत असा रेल्वेचा नियम हाय का, असं मी विचारलं. आईनं डोळ्यांनी दटावलं म्हणून पुढचं बोलले नाही.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, "हाताला मुंग्या येतात का?" मुंग्या यायला लागल्या की हातात जीव परतायला लागला असं समजायचं.

"आमच्या टीव्हीला येतात," बाबा सांगायचे.

डॉक्टर हसायचे. आम्ही हसायचो नाही, कारण ते खरं होतं. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी खोक्यातला, आणि चित्र गेलं की त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या वळवळायच्या. तेव्हापासून मी शाळेतून घरी आले की चपला काढायच्या आधी विचारायची, "मुंग्या आल्या का?" आणि बाबा भिंतीकडं बघून म्हणायचे, "न्हाई."

मी परभणीला एका शाळेत शिकवायला होते, रोजचं अपडाऊन. परतीची गाडी बहुतेक लेट असायची. स्टेशनाच्या रस्त्यावर एक दुकान होतं, तिथं टीव्हीला डबा जोडून गेम खेळायला मिळायचा. एका संध्याकाळी मी त्या दुकानासमोर थांबले. आत माझ्याच वर्गातली काही पोरं होती, मला बघून दोघं बाकाखाली गेली. जाऊ दे म्हटलं. मी त्यांच्याकडं बघतच नव्हते, बाकीच्यांच्या अंगठ्यांकडं बघत होते. फळ्यावरचं एक वाक्य उतरवून घ्यायला सांगितलं की 'बाई, हात दुखायलाय' म्हणणारी ही पोरं, आणि इथं त्यांचे अंगठे एक क्षण थांबत नव्हते. कुणी त्यांना दाबा म्हणत नव्हतं, कुणी शाबासकीही देत नव्हतं.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "अगं बाई! पोरीचं लग्न तोंडावर आन् बाप गेम खेळायलाय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," मी म्हणाले. "नकटी म्हणायलेत तसं हे बी म्हणतील."

टीव्ही-रेडिओच्या दुकानातला माणूस भला होता. त्यानं पेन काढून विचारलं, "बच्चा कितने साल का है, मैडम?"

"साठ."

"छह?"

"साठ."

त्यानं पेन खाली ठेवलं.

"वडलांसाठी हाय," मी म्हणाले.

"अच्छा, शौक है उनको?"

"बिलकूल न्हाई."

त्यानं दोन डबे काढून काचेवर ठेवले. पहिल्याला लिव्हर होतं. काळा दांडा, मुठीत धरायचा, तिकडं ढकललं की तिकडं, इकडं ओढलं की इकडं. माझा जीव तिथंच अडकला. जन्मभर लिव्हर ओढलेल्या माणसासाठी लिव्हर! बांधून द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण आधी तो दांडा धरून बघितला. सगळं काम खांद्याचं आणि मनगटाचं. बाबांचा खांदा बरा होता. ते खांद्यानं हाणत बसले असते आणि अंगठा आरामात झोपून राहिला असता. बाबांना मी ओळखते.

दुसऱ्याला दांडाच नव्हता. चपटा तुकडा, डाव्या बाजूला एक फुली, उजव्या बाजूला दोन बटनं. ती दोन बटनं उजव्या अंगठ्यानंच दाबायची, दुसरा इलाज नाही.

"हे द्या."

"मैडम, बच्चे लिव्हरवाला पसंद करते."

"आमचं बी तेच पसंद करील. म्हणूनच हे द्या."

गाडीत शेजारच्या बाईंनी खोक्याकडं बोट दाखवून विचारलं, "मिक्सर का?" मी हो म्हणाले. लग्न ठरलेल्या मुलीच्या मांडीवर मिक्सर शोभतो.

बाबांनी खोकं फिरवून फिरवून बघितलं. खोक्यावर डाव्या अंगाला लिव्हरवाल्याचंही चित्र छापलेलं होतं. "लिव्हर कुठंय?" ते म्हणाले. मी म्हणाले, संपलं होतं. "मग कामून आणलं?" आणि त्यांनी तोंड फिरवलं. खोक्यातल्या कॅसेटवर लाखावर खेळ आहेत असं छापलं होतं. आईनं ते वाचून घेतलं आणि घाबरून म्हणाली, "एवढे कधी संपायचे? लग्न वैशाखात हाय." बघितलं तर खेळ चारच होते, तेच ते नाव बदलून परत परत यायचे.

घरात नवी वस्तू आली की आमच्याकडं आधी तिची पूजा होते. सायकलची झाली, शेगडीची झाली, इस्त्रीची झाली. आईनं पाट मांडला, डबा त्यावर ठेवला, हळदकुंकू लावलं, कुंकवातल्या अक्षता जशा देवाला वाहतात तशा वरून वाहिल्या आणि साखरेचा नैवेद्यही वरच ठेवून दाखवला. डब्याला वरून कॅसेट घालायची उघडी खाच होती. तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण नमस्कार करताना आम्ही डोळे मिटतो. मग मी डबा उचलला, त्यात कॅसेट दाबून बसवली आणि जोडायला घेतला.

टीव्हीच्या मागं दोन स्क्रू असतात, त्यांना अँटेनाची चपटी वायर. ती काढायची आणि तिथं डब्याची वायर लावायची. मी ते केलं, अँटेनाची वायर खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवली आणि टीव्ही लावला. पडदाभर मुंग्या.

"थांब, मी बघते," म्हणून आई अंगणात गेली आणि अँटेनाचा बांबू फिरवायला लागली. टीव्हीला मुंग्या आल्या की आमच्या घरात हेच करतात.

"गेल्या का?" आई अंगणातून.

"न्हाई!"

"आता?"

"न्हाई! जरा स्टेशनाकडं वळव!"

आईनं स्टेशनाकडं वळवला, मग नदीकडं, मग नांदेडकडं. शेजारच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, आमच्याकडं तर झकास दिसायलंय. मग त्यांनीही बांबूला हात लावला. दोघींनी मिळून तो पार उलटा केला. मी टीव्हीचं बटन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दमले. घामाघूम झालो सगळे.

"वायर खिडकीत हाय," बाबा खुर्चीवरून म्हणाले.

मी खिडकीकडं बघितलं. अँटेनाची वायर गजाला लटकत होती, टीव्हीला लागलेलीच नव्हती. आई बाहेर जे काय फिरवत होती त्याचा टीव्हीशी काडीचा संबंध नव्हता.

"मग आधी कामून न्हाई सांगितलं?"

"मला कुणी इचारलं?"

पण एक झालं. त्या दिवसापर्यंत ते टीव्हीकडं पाठ करून बसायचे, आता खुर्ची टीव्हीकडं झाली होती. मी परत सावकाश बटन फिरवलं आणि एका जागी मुंग्या बाजूला होऊन आतून एक बुटका माणूस निघाला. डोक्यावर बोचकं, आणि पळायलाय.

"हमाल हाय," बाबा म्हणाले.

तो हमाल नव्हता, पण आमच्या घरात तो शेवटपर्यंत हमालच राहिला. त्याच्या वाटेत खड्डे यायचे. बटन दाबलं की तो उडी मारायचा. बारका खड्डा असला तर एकदा दाबायचं, रुंद असला तर लागोपाठ दोनदा. न दाबलं की खड्ड्यात. असे तीन जीव मिळायचे. पहिल्या दिवशी मी 'मेला!' म्हणून ओरडले तर आई स्वयंपाकघरातून धावत आली, "लग्नघर हाय! असलं अभद्र बोलू नका." तेव्हापासून हमाल कधी मेला नाही, घसरायचा फक्त.

चित्र मात्र थरथरायचं. मधेच हमाल दोन दिसायचे, मधेच पडदा काळा. डब्याला एक चापट मारली की परत ताळ्यावर. आई म्हणायची, येलदरीला पाणी कमी झालं असंल. पूर्णेत विजेचं काहीही झालं की दोष येलदरीच्या धरणाला द्यायचा, त्याला काही तपासायची गरज नसते.

आता खरी लढाई. बाबांनी तो चपटा तुकडा मांडीवर घेतला, डाव्या हातानं उजवा अंगठा उचलून बटनावर ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटानं उजवा अंगठाच दाबायला लागले. हमाल झकास उड्या मारायला लागला.

"हे कसलं?" मी म्हणाले. "ही लबाडी हाय."

"अंगठा उजवाच हाय ना?"

मी कपाटातून त्यांचं उपरणं काढलं, डावा हात छातीशी घेऊन झोळी केल्यासारखा गळ्यात बांधून टाकला आणि मागं गाठ मारली. ते माझ्यावर लय ओरडले. बापाला बांधायलीस, म्हणाले. म्हणाले, केबिनीत असतो तर दाखवलं असतं. मी म्हणाले, दाखवा की, अंगठा दाबून दाखवा. त्या दिवशी हमाल पहिल्याच खड्ड्यात जाऊन बसला, दुसऱ्या दिवशीही, आणि पुढं कितीतरी दिवस. मी रोज संध्याकाळी उपरणं बांधायची, ते रोज ओरडायचे. समाचाराला आलेली माणसं दारातून बघायची, डावा हात गळ्यात बांधलेला, उजवा लुळा, आणि हळूच आईला विचारायची, "दोन्ही गेले का?"

"मुंग्या आल्या का?"

"न्हाई."

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. बंद, बंदोबस्त, एस्ट्या जागच्या जागी उभ्या, शाळेला सुट्टी. इतकी वर्षं त्या एका नावावरून आमच्या भागात काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं, आणि ज्यांची घरं त्यात जळली त्यांना आमच्यासारख्यांनी कधी धड विचारलंही नव्हतं. आता पुढं काय होईल या धास्तीनं लोक दारं लावून बसले. आमच्या गल्लीत काही झालं नाही. आम्ही घरात होतो आणि बाबांना दिवसभर दुसरं काही कामच नव्हतं. त्याच दिवसांत केव्हातरी मी पाणी भरत होते तर आतून उडीचा तो टुंग आवाज आला. आत जाऊन बघितलं. उपरणं मी बांधायचं विसरले होते, पण डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता. मी दारातून तशीच मागं फिरले आणि पाणी भरत राहिले. मला एवढा आनंद झाला होता की घागर भरून वाहायला लागली तरी लक्षात आलं नाही.

मी मुद्दाम संध्याकाळीच विचारलं.

"न्हाई," बाबा म्हणाले.

एस्ट्या सुरू झाल्यावर सोनपेठहून माझे होणारे सासरे आले, मांडवाचं ठरवायला. शेतकरी माणूस, पांढरा फेटा, बोलणं कमी. नेमके खेळाच्या वेळी आले. बाबांचा डावा हात उपरण्यात, समोर हमाल पळायलाय.

"ह्ये काय करायलाव?"

"व्यायाम," बाबा म्हणाले. "रेल्वेचा."

सासरे खाली बसले. थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "त्यो मधी थांबत का न्हाई? पाणी प्यायला बी थांबंना गडी." बाबा म्हणाले, थांबला की घसरतो. चहा घेऊन मी दारात आले तेव्हा सासरे विचारत होते, "कन्यादानाचं कसं करायलाव?"

"धाकटा भाऊ करील," बाबा म्हणाले.

"बाबा करतील," मी म्हणाले.

होणाऱ्या सासऱ्यासमोर सुनेनं असं मधे बोलायचं नसतं. आईनं कपाळाला हात लावला.

सासरे माझ्यावर रागावले नाहीत. बाबांच्या मांडीवरच्या हाताकडं बघून म्हणाले, "उजव्यानं व्हायला पायजे बगा. डाव्यानं दान न्हाई चालत. मी म्हणत न्हाई, शास्त्र म्हणतंय." आणि जाताना दारात चपला घालताना परत म्हणाले, "वैशाखाला अजून हाय थोडा येळ."

ते गेल्यावर बाबांनी गेम बंद केला आणि नंतर कितीतरी दिवस लावलाच नाही. मी बांधायला गेले तर म्हणाले, "पुरे झालं. लोकांपुढं शोभा. लाईन क्लियर." मी उपरणं खुर्चीवर फेकून दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आई गहू पाखडत होती, पाखडतच राहिली. ती म्हणाली, "आमच्या घरात सगळ्यांनाच लिव्हर ओढायला लय आवडतं. एकाला वाटतंय आपण ओढलं म्हणजे दुसरं वळलंच."

उन्हाळा लागला. लग्नाचा गूळ, साखर, डाळी घरात येऊन पडल्या. डबा टीव्हीजवळ तसाच, वर धूळ. एका दुपारी मी मागं कपडे वाळत घालत होते आणि आई पुढच्या खोलीतून ओरडली, "अगं माय! मुंग्या आल्या गं, मुंग्या!"

हातातली ओली साडी घेऊन मी पळत सुटले. "आल्या? बाबा, कुठं? बोटात का तळव्यात? खरं सांगा!"

बाबा माझ्याकडं बघत राहिले.

"डब्यात," ते म्हणाले.

डब्याच्या खाचेतून खऱ्या मुंग्यांची रांग निघाली होती, टीव्हीवरून भिंतीवर, भिंतीवरून साखरेच्या पोत्याकडं. हिवाळ्यातला नैवेद्य त्यांना आता सापडला होता. मी ओली साडी छातीशी धरून उभी. हसू का रडू ते कळेना. आई म्हणाली, "टीव्हीत, हातात, आता डब्यात! ह्या मुंग्यांनी पिच्छाच पुरवलाय."

बाबा उठले. डाव्या हातानं डबा उचलला, कॅसेट दातात धरून उपसली आणि डबा उपडा करून झटकला. मुंग्या पडल्या, साखर पडली, आणि साखरेबरोबर कुंकवाचा एक लाल दाणा टक्कन फरशीवर पडून त्यांच्या पायाशी घरंगळला. चित्र का थरथरत होतं ते आता कळलं. येलदरीचा त्यात काही दोष नव्हता.

"अक्षता हाय!" आई ओरडली. "पाय लागंल!"

बाबा खाली वाकले. डावा हात डब्यात गुंतलेला होता. त्यांनी उजवा हात खाली नेला. बोटं फरशीवर चाचपडली, दाणा एकदा निसटला, मग अंगठा पुढं आला, बोट पुढं आलं आणि दोघांमध्ये दाणा धरला गेला. तो त्यांनी वर आणला, कपाळाला लावला आणि देवाच्या फोटोपुढं ठेवला.

आईच्या हातातून केरसुणी गळून पडली होती. बाबांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, मग आमच्या दोघींकडं.

"तरी बी मी तांदूळ निवडत बसणार न्हाई," ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच उपरणं माझ्यापुढं धरलं. डबा आता साफ झाला होता, हमाल एकच दिसायचा. रोज थोडं थोडं पुढं जायचा. मधे एक रुंद खड्डा होता, तिथं दोनदा दाबायला अंगठा पुरा पडायचा नाही, आणि तिथं आम्ही सगळे, आईसुद्धा, 'दाब, दाब!' म्हणून ओरडायचो. लग्नाच्या आधी काकांना निरोप गेला, कन्यादान बाबाच करतील म्हणून. कद मात्र नेसून या, असं बाबांनी आवर्जून कळवलं. काका परत रडले. ते मनानं चांगलेच होते.

मी रोज विचारत होते. दाणा उचलला, कप उचलला, सदऱ्याचं एक बटन लावलं, तरी उत्तर तेच. "न्हाई." हळद लागली त्या संध्याकाळीही मी विचारलं, आणि त्या संध्याकाळीही न्हाई. मला त्याचा राग यायचा. एवढं सगळं होऊन या माणसाला एक हो म्हणायला काय होतंय, असं वाटायचं.

मांडव आमच्याच दारात होता. पुरोहितांनी ओंजळी एकावर एक धरायला सांगितल्या. बाबांनी डाव्या हाताच्या आधारानं उजवा माझ्या ओंजळीपर्यंत आणला, आणि तिथून पुढं तो हात आपला आपण राहिला. बोटं पूर्ण मिटत नव्हती. आईनं धार सोडली. पाणी बोटांच्या फटीतून माझ्या हातात, माझ्या हातातून खाली, बाजूनं, मनगटावरून, सगळीकडून गळायला लागलं. मागं सासरे मान वाकडी करून बघत होते. मंत्र लांबत चालला. त्यांचा हात थरथरायला लागला, ते मला कळत होतं, कारण तो माझ्या हातावर होता.

मग पाण्याखाली त्यांच्या अंगठ्यानं माझ्या हातावर दाबलं. एकदा. लगेच परत एकदा.

मला हुंदका आला. बायका म्हणाल्या, सासरी जायचंय ना, येणारच. खरं होतं ते, पण तेवढंच नव्हतं. मी मान खाली घालून हळूच विचारलं, "बाबा, मुंग्या आल्या का?"

बाबा पुरोहितांकडं बघत होते.

"आल्यात माय," ते म्हणाले. "लय दिवस झाले."